आई-वडिलांच्या घरासाठी मोठा टीव्ही : ५५ इंची घ्यावा की ६५ इंची?

पन्हाळ्याची_वाट (प्रश्न) :

नमस्कार. कोल्हापूरला आई-वडिलांच्या घरातला जुना ३२ इंची टीव्ही काढून मोठा टीव्ही घ्यायचा आहे, त्याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. दिवाणखाना साधारण अकरा फूट बाय सोळा फूट आहे आणि टीव्हीच्या भिंतीपासून सोफा दहा फुटांवर येतो. सोफ्याच्या मागे पश्चिमेची मोठी खिडकी असल्याने दुपारनंतर समोरच्या भिंतीवर भरपूर उजेड असतो. आई संध्याकाळच्या मालिका स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीवरून, म्हणजे बऱ्याच तिरक्या बाजूने पाहते. वडिलांच्या बातम्या दिवसभर चालू असतात आणि क्रिकेट असले की तेवढेच. आम्ही सुटीत गेलो की रात्री सर्वजण मिळून चित्रपट पाहतो. डिशचे कनेक्शन जुनेच आहे, ब्रॉडबँड मात्र अलीकडे घेतले आहे.

सत्तर हजारांच्या आत काम व्हावे अशी अपेक्षा आहे. ५५ इंची पुरेल की ६५ इंची घ्यावा, इतक्या अंतरावरून ४के आणि फुल एचडी यांतला फरक दिसतो का, आणि खोक्यावर छापलेल्या क्यूएलईडी, मिनी एलईडी, एचडीआर वगैरे शब्दांपैकी कशाकडे लक्ष द्यावे, एवढे कळले तर निर्णय सोपा होईल. दुकानात विचारले की ज्या संचावर त्या आठवड्यात योजना चालू असते तोच उत्तम असल्याचे सांगण्यात येते.

मोजपट्टी :

टीव्हीच्या आकाराआधी आपण डिशच्या खोक्याची, म्हणजे सेट-टॉप बॉक्सची, चौकशी करावी, असे मी सुचवेन. घरी अजून साधे, म्हणजे एसडी, कनेक्शन असेल तर त्यातून येणारे चित्र फार तर ७२० बाय ५७६ बिंदूंचे, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतले असते. ४के पडद्यावर ३८४० बाय २१६० असे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. हा हिशेब केला तर पडद्यावरच्या दर वीस बिंदूंपैकी एकाचीच माहिती वाहिनीकडून येते आणि उरलेले एकोणीस टीव्हीला आजूबाजूचे पाहून अंदाजाने भरावे लागतात. हे काम महागडे संच बऱ्यापैकी करतात, स्वस्त संच वाईट करतात. पण मुळात नसलेला तपशील कोणीच आणू शकत नाही. ३२ इंचांवर चालून जाणारी मालिका मोठ्या पडद्यावर धुरकट दिसते आणि मग नवा टीव्ही बिघडलेला आहे अशी तक्रार सुरू होते.

आता अंतराविषयी. सामान्य निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही असे धरतात. त्या हिशेबाने ६५ इंची पडद्यावरचे फुल एचडीचे (१९२० बाय १०८०) बिंदू साधारण साडेआठ फुटांपलीकडे एकमेकांत मिसळून जातात आणि ५५ इंचीवर तर सात फुटांनंतरच. आपला सोफा दहा फुटांवर असल्याने ४केचा अधिकचा तपशील तिथून जवळपास दिसणार नाही. अर्थात यावरून फुल एचडी शोधत बसू नये, कारण ५० इंचांच्या वर आता बहुतेक सर्व संच ४केच असतात. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, एवढेच.

पडदा नजरेत सुमारे तीस अंश भरावा अशी एक प्रचलित शिफारस आहे, आणि त्यासाठी पडद्याच्या कर्णाच्या, म्हणजे टीव्हीच्या इंचांतील मापाच्या, साधारण १.६ पट अंतरावर बसावे लागते. दहा फुटांसाठी हे गणित ७५ इंचांपर्यंत जाते. मात्र ते चित्रपटासारखे एकाग्रतेने पाहण्यासाठी आहे; भाजी निवडता निवडता पाहायच्या मालिकेसाठी नाही. त्यामुळे एसडी कनेक्शन तसेच राहणार असेल तर मी ५५ वरच थांबेन.

तिसरा_मजला :

मोजपट्टी यांचे गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. खोके बदलणे हे एका दिवसाचे काम आहे आणि टीव्ही आपण पुढची सात-आठ वर्षे वापरतो. मग जुन्या खोक्यासाठी लहान टीव्ही का घ्यायचा? स्टार प्रवाह, झी मराठी आणि कलर्स मराठी या तिन्ही वाहिन्या एचडीत उपलब्ध आहेत. त्या घेतल्या की दर वीस बिंदूंमागे एकाऐवजी दर चारांमागे एकाची खरी माहिती मिळते आणि ६५ इंचांवरही मालिका स्वच्छ दिसते. शिवाय वडिलांना धावफलक आणि बातम्यांची खालची पट्टी दहा फुटांवरून विनासायास वाचता येणे, हा माझ्या मते मोठ्या पडद्याचा चित्रपटापेक्षाही अधिक उपयोगाचा फायदा आहे.

आपल्या प्रश्नातील खरी अडचण आकाराची नसून खिडकीची आणि आईंच्या खुर्चीची आहे. एलईडी म्हणून विकले जाणारे सर्व संच मुळात एलसीडी असतात. मागून एलईडीचा प्रकाश आणि पुढे त्याला अडवणारा-सोडणारा थर अशी त्यांची रचना असते. या थराचे दोन प्रकार सर्रास आढळतात. व्हीए प्रकारात काळा रंग गडद दिसतो, त्यामुळे रात्री दिवे मालवून चित्रपट पाहण्यासाठी तो चांगला. पण बाजूने पाहिले की रंग फिकट पडतात. आयपीएस प्रकारात तिरक्या बाजूनेही चित्र बरेचसे तसेच राहते, मात्र अंधाऱ्या खोलीत काळ्याच्या जागी राखाडी दिसतो. आपल्या घरात रोज संध्याकाळी बाजूला बसणारी व्यक्ती आहे आणि रात्रीचा चित्रपट सुटीतच होतो, म्हणून मी आयपीएसला झुकते माप देईन. अडचण अशी की कंपन्या ही माहिती टीव्हीच्या खोक्यावर छापत नाहीत आणि कधी कधी एकाच मॉडेलच्या ५५ व ६५ इंची संचांत वेगवेगळे पॅनेल, म्हणजे हा थर, असते. त्यामुळे दुकानात संचासमोरून बाजूला चालत जाऊन स्वतः पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे.

क्यूएलईडी म्हणजे त्याच एलसीडीत रंग अधिक शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, थर; रंगांत फरक पडतो, काळेपणात नाही. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात आणि ते भागाभागाने मंद करता येतात, त्यामुळे खिडकीचा उजेड आणि रात्रीचा अंधार या दोन्हींत तो उजवा ठरतो. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, तिरके पाहण्याची अडचण जवळपास संपते. पण तो आपल्या रकमेत बसणे कठीण आहे आणि दिवसभर बातम्या चालणाऱ्या घरात मी तो फुकट मिळाला तरी विचार करून घेईन, कारण वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्याने तिथे कायमचा डाग उमटण्याची शक्यता असते.

एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक अधिक ठळक दाखवणारे चित्र, हा शब्द तर आता स्वस्तातल्या स्वस्त संचावरही असतो. त्याचा अर्थ बहुधा एवढाच की तो संच एचडीआरचा संकेत स्वीकारतो; तो दाखवण्याइतकी प्रखरता, म्हणजे निट्स, त्याच्याकडे असेलच असे नाही. अडीचशे-तीनशे निट्सच्या संचावर एचडीआर चित्रपट उलट अधिक काळोखा वाटू शकतो. पश्चिमेची खिडकी पाहता प्रखरतेचा आकडा विचारून घ्यावा, आणि खिडकीला जाड पडदा लावावा. तो कुठल्याही तंत्रज्ञानापेक्षा स्वस्त आहे.

तारजोडणी :

भिंत कशाची आहे हे आपण लिहिलेले नाही. जुन्या पक्क्या विटांची असेल तर प्रश्न नाही. नव्या इमारतींतील सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, असेल तर साधे प्लग ठोकून वीस किलोंच्या पुढचा संच टांगू नये. हलक्या ठोकळ्यांसाठीचे वेगळे अँकर मिळतात, ते आधीच आणून ठेवावेत, कारण कंपनीकडून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत ते बहुधा नसतात. उंचीबाबत म्हणाल तर पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असावा. ६५ इंची पडदा सुमारे १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच असतो, तेव्हा त्याची खालची कड सव्वादोन फुटांच्या जवळ येईल. लोक दाराच्या चौकटीच्या उंचीवर टीव्ही लावतात आणि मान दुखते म्हणून सोफ्याला दोष देतात. टेबलावर ठेवणार असाल तर मोठ्या संचांचे पाय दोन टोकांना असतात हे ध्यानात घेऊन टेबलाची लांबी आधी मोजावी.

विजेविषयी थोडेसे. आजचे बहुतेक संच शंभर ते दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत स्वतःच जुळवून घेतात, त्यामुळे वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर मात्र अवश्य लावावा. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की टीव्हीच्या प्लगबरोबर डिशची केबलही खोक्यातून काढून ठेवावी, कारण छतावरच्या छत्रीतूनही दणका आत येतो. पडदा फुटला तर वॉरंटी लागू होत नाही आणि नवे पॅनेल जवळपास नव्या टीव्हीच्या किमतीत पडते.

पन्हाळ्याची_वाट :

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना दूरध्वनी करून विचारले. डिशचे खोके एसडीच आहे आणि ते पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी जोडलेले आहे. भिंत विटांची आहे. खोके बदलायला वडील तयार आहेत. जाड पडद्याला आईचा विरोध आहे, कारण त्या खिडकीतच तिची रोपे आहेत. तेव्हा ६५ इंचीकडे कल झाला आहे. दुकानात नेमके काय तपासावे आणि घरी आल्यावर कोणत्या सेटिंग बदलाव्यात, तेही कृपया सांगावे.

मोजपट्टी :

खोके बदलणार असाल तर माझाही ६५ इंचीला विरोध नाही. नवे खोके एचडीएमआय तारेनेच जोडावे आणि त्याच्या सेटिंगमध्ये १०८० (फुल एचडी) तसेच १६:९ (पडद्याच्या रुंदी-उंचीचे प्रमाण) निवडावे. अन्यथा एचडी वाहिनीचे पैसे भरूनही जुनेच चित्र दिसते आणि माणसे आडवी पसरतात.

दुकानातील संच प्रदर्शनासाठीच्या भडक मोडमध्ये असतात आणि त्यावर मुद्दाम तयार केलेली फुलापाखरांची चित्रफीत चालू असते. तिच्यावर सगळेच टीव्ही सुंदर दिसतात. विक्रेत्याला होम मोड लावायला सांगावे आणि डिशवरची एखादी मराठी मालिका, तीही शक्य झाल्यास एसडी वाहिनीवर, दाखवण्याची विनंती करावी. चेहऱ्यांच्या कडा आणि त्वचेचा रंग पाहावा, मग आईंच्या खुर्चीइतके बाजूला जाऊन पुन्हा पाहावे. रोपे राहणार असल्याने काळ्या दृश्यात दुकानातले दिवे पडद्यावर किती स्पष्ट उमटतात, तेही पाहावे. क्रिकेटसाठी १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणे, असे सांगितले गेले तर तो पॅनेलचा मूळ वेग आहे की कंपनीने स्वतः ठरवलेला एखादा ‘मोशन’ आकडा आहे, हे स्पष्ट विचारावे. ६० हर्ट्झच्या पॅनेलवरही असे मोठे आकडे लिहिलेले असतात.

घरी आल्यावर रात्रीच्या चित्रपटासाठी सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड ठेवावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, कारण सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटाला ती मालिकेची कळा आणते. क्रिकेटला ती मंद प्रमाणात चालू ठेवायला हरकत नाही. ४के चित्रपट इंटरनेटवरून पाहायचे असतील तर नेटफ्लिक्स स्वतः किमान १५ एमबीपीएस वेग सुचवते आणि ४के चित्र त्यांच्या सर्वांत महागड्या योजनेतच देते, हे हिशेबात धरावे.

किमतींबाबत एक सूचना : ३२ इंचांवरील टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे त्याआधीच्या चर्चांतील किमती आधाराला घेऊ नयेत आणि बिलावरील कराचा दर पाहूनच पैसे द्यावेत.