काळा घोडा: नुसतं बघायला?

"मुंबईतला काळा घोडा बघायची जागा, काही विकत घ्यायची नव्हे" असं एकाने म्हटलंय, ते मत अर्धंच पटलं. तिथल्या कला महोत्सवाच्या दिवसांत खरंच काही घेणं होत नाही, नुसते धक्के खायचे. पण एरवी मधल्या वारी दुपारी जा. जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२ पासूनची, प्रवेश फुकट) आतून बघून झाली की बाहेरच्या फुटपाथवर रेंगाळा. तिथे चित्रकार स्वतः चित्रं मांडून बसतात. माझ्याकडचं भाऊच्या धक्क्याचं जलरंगातलं चित्र तिथलंच. घासाघीस करायला तोंड उघडलं, तर त्या काकांनी कागद उजेडात धरून रंग कुठे दोनदा चढवलाय आणि कुठे कोरा सोडलाय ते दाखवलं. मग काय बोलणार? सांगितले तेवढे दिले. फ्रेम मात्र घराजवळच करा. काच सांभाळत सहाच्या लोकलमध्ये चढणं म्हणजे छळ आहे, अनुभवाने सांगतोय.

जवळच्या रोप वॉक लेनमधली कपड्यांची दुकानं देखणी, पण आधी किमतीची चिठ्ठी उलटून बघा. मी दोनदा नुसता एसीत गार होऊन बाहेर पडलोय. बायकोने एक हातमागाची ओढणी घेतली, ती मात्र चार वर्षं वापरतेय.