लाल की निळा?

ए-२०३: एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स), दोघंही लाइटवेट, तीन राउंडची फाइट. लाल कॉर्नर ९-० (नऊ विजय, पराभव शून्य), कुस्तीवाला रेसलर, सात जण पहिल्याच राउंडला संपवलेत. भाव १.४० (एक लावला आणि जिंकला तर १.४० परत). निळा ८-२, ठोसे-लाथांवाला स्ट्रायकर, भाव ३.००. अंडरडॉग म्हणून निळा घ्यावा का? (आपल्या अंदाज स्पर्धेपुरतं, पैसे नाहीत.)

बी-५०१: आधी भावातून जिंकण्याची शक्यता काढ. १ भागिले १.४० म्हणजे ७१.४ टक्के, १ भागिले ३ म्हणजे ३३.३. बेरीज १०४.७, शंभराच्या वरचं सगळं बुकीचं. निळा तीनातून एकापेक्षा जास्त वेळा जिंकेल असं वाटलं तरच घे.

सी-१०४: पण काका, लाल हरलेलाच नाही!

बी-५०१: की हरवणारं कोणी समोर आलंच नाही? त्या नऊ जणांचे रेकॉर्ड काढ. ०-३, २-५ असली गिऱ्हाइकं निघाली तर ते ९-० निम्म्या किमतीला धर. आपला भारतीय फायटर अंशुल जुबली आठव. ७-० होता, समोर माइक ब्रीडन, यूएफसीत (एमएमएची सर्वात मोठी लीग) तोवरच्या तिन्ही फाइट हरलेला. यूएफसी २९४, ऑक्टोबर २०२३. तिसऱ्या राउंडला अंशुल नॉकआउट.

ए-२०३: निळ्याचा टेकडाउन डिफेन्स, म्हणजे खाली पाडायचे प्रयत्न अडवणं, ८० टक्के दाखवतोय.

डी-३०२: कितीपैकी? पाचात चार अडवले तरी ८०, पन्नासात चाळीस तरी ८०. टक्के सोड दादा, व्हिडिओ बघ. पाठ पिंजऱ्याच्या जाळीला लागली की अंडरहुक (समोरच्याच्या काखेखालून हात) मिळवतो का? खाली पडला तर उठताना पहिलं काय करतो? समोरच्याचं मनगट धरून, जाळीला खांदा टेकवून उठत असेल तर चालेल. घाईत पाठ देऊन गुडघ्यांवर येत असेल तर विसर. लालसारखा रेसलर तिथेच पाय अडकवतो आणि गळा धरतो.

डी-३०२: आणि निळ्याचे ते दोन पराभव मला उलट आवडले. दोन्ही डिसिजन (पूर्ण वेळ लढून जजच्या निकालावर), म्हणजे १५ मिनिटं दमसास टिकलाय. लालचं तिथे काहीच माहीत नाही. त्याच्या उरलेल्या दोन फाइटमध्ये दुसऱ्या राउंडची शेवटची दोन मिनिटं बघ. दमल्याच्या खुणा शोध: तोंड उघडं, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) न टाकता लांबूनच पायावर झेप, अडवला की तिथेच लोंबकळणं. लांबून आलेली झेप म्हणजे तोंडावर गुडघा किंवा गिलोटिनला (समोरून गळा आवळणं) आमंत्रण.

सी-१०४: पण लालने जाळीला दाबून वेळ काढला तर?

डी-३०२: नुसत्या दाबण्याला जज फार किंमत देत नाहीत. आधी परिणामकारक फटके आणि ग्रॅपलिंग. ते अगदी बरोबरीत असेल तर आक्रमकता, आणि तीही सारखीच असेल तर कंट्रोल.

बी-५०१: पिंजरा कुठला ते विचारा रे कोणीतरी. २५ फुटी असेल तर निळ्याला मागे सरकायला जागाच नाही, दोन पावलांत जाळी. ३० फुटी असेल तर मी त्याला जिंकायची ४० टक्के शक्यता देईन.

ए-२०३: ३० फुटी आहे. किती गुण लावू? शंभर शिल्लक आहेत.

बी-५०१: केली सूत्र, शिल्लकीतला किती हिस्सा लावायचा ते सांगणारं. भाव ३ म्हणून नफा दुप्पट, म्हणजे २ गुणिले ०.४० उणे ०.६०, आलं ०.२०. भागिले २, म्हणजे १० टक्के. पण ४० हा आकडा माझ्या डोक्यातला, चुकू शकतो. म्हणून चौथा हिस्साच घे, अडीच गुण.

सी-१०४: एवढ्यासाठी एवढा काथ्याकूट!

ए-२०३: लॉक करू?

डी-३०२: वजन होऊ दे. मर्यादा १५६ पौंड. निळाच काट्यावर ओढलेल्या गालांनी, लटपटत आला तर त्या १५ मिनिटांच्या दमावर लावलेले गुण गेले समज.