पाण्यात बुडालेली माशी मिठानं खरंच जिवंत होते का?

मंगळवार_पेठ_कर:
नमस्कार मंडळी. रविवारी दुपारी आमच्या पोरीला (सहावीत हाय) गच्चीवरच्या बादलीत माशी तरंगताना दिसली, पाय आखडलेले, पंख चिकटलेले, काडीनं हलवली तरी काय हलंना. शेजारच्या आजी म्हणाल्या मिठात पुरून ठेव, उठती बघ. मला पटलं नव्हतं पण ठेवली बशीत आणि वरनं चमचाभर बारीक मीठ टाकलं. पंधराएक मिनिटांनी मीठ एका बाजूनं सरकलं, मागचा एक पाय बाहेर आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुढचे दोन पाय एकमेकांवर घासायला लागली आणि थोड्या वेळानं उडून पण गेली! आता पोरगी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात "मेलेल्याला जिवंत करणारं मीठ" मांडायचं म्हणून बसलीया. मिठात असं असतं तरी काय? तिला चुकीचं काही शिकवायला नको म्हणून विचारतो.

गडहिंग्लजचा_पावणा:
होतं की ताई, आमच्या आजोळी चुलीतली गार राख टाकायचे, तेवढंच काम व्हायचं, म्हणजे मीठच पाहिजे असं काय नाही. पण गुऱ्हाळावर काहिलीत पडलेली मधमाशी कशानंच उठत नाही, ती भाजून मरती, बुडून नव्हे.

निवृत्त_मास्तर:
पावण्यांनी राखेचं सांगितलं त्यातच उत्तर आहे. ती माशी मेलेलीच नव्हती. कीटकांना फुप्फुसं नसतात, अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात, त्यांना श्वासरंध्रं म्हणतात, तिथून हवा नळ्यांमधनं थेट आत पेशींपर्यंत जाते, आपल्यासारखा रक्तातनं ऑक्सिजन नेण्याचा प्रकार नाही. पाण्यात पडली की त्या छिद्रांवर पाणी चढतं, हवा बंद होते आणि माशी बेशुद्ध पडते. पण ऑक्सिजनशिवाय त्यांची तग धरायची ताकद फार असते, फळमाशी तर काही तास टिकते. कोरडं मीठ अंगावरचं पाणी ओढून घेतं, छिद्रं मोकळी होतात, हवा आत जाते, बस. राख, खडूची पूड, टिपकागद, नुसतं ऊन, कशानंही होतं. बेंजामिन फ्रँकलिननं १७७३ च्या एका पत्रात लिहिलंय की मदेरा नावाच्या वाइनच्या बाटलीतनं ग्लासात पडलेल्या तीन माश्या त्यानं चाळणीवर उन्हात ठेवल्या आणि तीन तासांच्या आत दोन उठल्या. तिथं मीठ नव्हतंच. साबणाच्या पाण्यात पडलेली मात्र सहसा वाचत नाही, साबणानं पाणी छिद्रांतनं आत शिरतं. पोरीला सांगा एक माशी मिठात, एक राखेत, एक नुसत्या टिपकागदावर ठेव आणि घड्याळ लाव. फक्त मुद्दाम बुडवू नका, आपोआप पडलेल्याच घ्या.

रात्रपाळी_सिस्टर:
मास्तरांचं सगळं बरोबर, पण मला एक बोलायचंच आहे आणि जरा कळकळीनं बोलतो. हाच माशीचा प्रकार बघून लोक माणसावर करायला लागलेत. बुडालेल्या पोराला मिठात झाकून ठेवलं की उठतं म्हणून मेसेज फिरतात, २०२२ ला कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात आईबापांनी दहा वर्षांच्या पोराला तासन् तास मिठात ठेवलं होतं, ते पोरगं काही उठलं नाही. आपल्याकडं पंचगंगा, रंकाळा, शेतातल्या विहिरी, उन्हाळ्यात पोरं पोहायला जाणारच. माणसाचा मेंदू हवेशिवाय चार-पाच मिनिटांतच खराब व्हायला लागतो, त्याला माशीसारखे तास मिळत नाहीत. बाहेर काढल्या काढल्या १०८ ला फोन करायला एकाला सांगायचं, श्वास नसला तर दुसऱ्यानं लगेच तोंडानं श्वास द्यायचा आणि छातीच्या मधोमध दाबायचं, तीस वेळा दाबायचं, दोन श्वास, परत तीस, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, उलटं धरून गरगर फिरवायचं तर अजिबातच नाही. ताई, तक्त्यावर हे मोठ्या अक्षरात लिवा, पाया पडतो.

मंगळवार_पेठ_कर:
सिस्टर, वाचून अंगावर काटा आला, तो मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर पण आलेला, मी आत्ताच तिथं तुमचं सगळं टाकलं. पोरीनं नाव बदललं, आता "माशी मेली नव्हती" असं हाय. बादलीत चार दिवसांत तीन सापडल्या. मिठातली वीस मिनिटांत उठली, राखेतली त्याच्यापाठोपाठ, टिपकागदावरचीला पाऊण तास लागला पण उठली. तक्त्याचा खालचा अर्धा भाग १०८ आणि तीस-दोनला दिलाय, लाल खडूनं.

गडहिंग्लजचा_पावणा:
भारी काम केलं पोरीनं. आणि बादलीत दोन-चार दगड पाण्याच्या वर येतील असे ठेवा ताई, मधमाश्या त्याच्यावर बसून पाणी पितात, बुडतच नाहीत.