लॉग फाइल उडवली, तरी डिस्क भरलेलीच

प्रश्न: उबुंटू (लिनक्स) सर्व्हर, रूट पार्टिशन (डिस्कचा मुख्य, सिस्टिमचा भाग) ४० जीबी, फाइल सिस्टिम एक्स्ट४. ‘डीएफ’ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० टक्के दाखवतं. १८ जीबीची लॉग फाइल (प्रोग्रॅमच्या नोंदींची) ‘आरएम’ने डिलीट केली, तरी आकडा हलेना. ‘डीयू’ (फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारी कमांड) मात्र २० जीबीच मोजतं. बाकीची जागा कुठे गेली?

उत्तर १: फाइलचं फक्त नाव गेलंय. ज्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती उघडून धरलीय, ती सोडेपर्यंत कर्नल (सिस्टिमचा गाभा) डिस्कवरचे तिचे ब्लॉक मोकळे करत नाही. ‘डीयू’ नावांवरून मोजतं, ‘डीएफ’ ब्लॉकवरून, म्हणून तफावत. सुडो लावून (अ‍ॅडमिनच्या हक्काने) ‘एलसॉफ +एल१’ चालवा, म्हणजे नाव गेलेल्या पण अजून उघड्या फाइली दिसतील. ज्या ओळीपुढे ‘डिलीटेड’ दिसेल, तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) बघा आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट करा. अख्खी मशीन रीबूट करायची काही गरज नाही.

उत्तर २: रीस्टार्ट जमण्यासारखं नसेल तर ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या पीआयडीच्या ‘एफडी’ (उघड्या फाइलींच्या) फोल्डरातला, एलसॉफने त्या फाइलपुढे दाखवलेला क्रमांक ‘ट्रंकेट -एस ०’ने (आकार शून्य करून) रिकामा करा. पुढच्या वेळी चालू लॉगवर ‘आरएम’ नकोच, थेट ट्रंकेट. एक खोच आहे: प्रोग्रॅम अपेंड मोडमध्ये (नेहमी फाइलच्या शेवटी) लिहीत नसेल, तर तो जुन्याच ऑफसेटवर (फाइलमधल्या जागेवर) लिहितो. मग ‘एलएस’मध्ये (फाइलींच्या यादीत) फाइल पुन्हा १८ जीबीची दिसते, पण ती पोकळ असते, डिस्कवर तेवढी जागा घेत नाही, घाबरू नका. कायमचा इलाज लॉगरोटेटच (जुने लॉग आपोआप बाजूला काढून पुसणारं साधन).

उत्तर ३: हिशोबातले उरलेले २ जीबी म्हणजे एक्स्ट४ने रूट युजरसाठी (अ‍ॅडमिनसाठी) राखलेले ५ टक्के. वेगळ्या डेटा पार्टिशनवर ‘ट्यून२एफएस -एम १’ने ते १ टक्क्यापर्यंत कमी करता येतात. रूट पार्टिशनवर मात्र हात लावू नका.