रो हाऊसच्या मधल्या खोलीत उजेड हवा आहे, स्लॅबला किती मोठं भोक पाडावं?

पाथर्डीफाटा_१२
नाशिकला रो हाऊस आहे, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पहिल्या मजल्यावरच्या मधल्या खोलीत (१२ बाय १२) भर दुपारीही दिवा लावावा लागतो. वर थेट गच्ची. स्लॅब ५ इंची, त्यावर कोबा (गळती रोखणारा काँक्रीटचा थर) आणि चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर). फॅब्रिकेटर म्हणतो, खोलीच्या मधोमध ४ बाय ६ फूट कापू आणि वर पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) टाकू. माप, जागा, मटेरियल बरोबर आहे का? पावसाळ्याआधी उरकायचं आहे.

सळई_सिमेंट
माप आणि जागा दोन्ही चूक. आधी माप. वरून येणारा उजेड खिडकीपेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे खोलीच्या क्षेत्रफळाच्या ४ टक्के पुरतात. तुमची खोली १४४ चौरस फूट, म्हणजे साधारण ६ चौरस फूट. २ बाय ३ चं भोक बास झालं. २४ चौरस फुटांत मे महिन्यात खोली नाही, भट्टी होईल.

जागा मधोमध नको. चारही बाजूंना बीम असलेला स्लॅब मध्यभागीच सगळ्यात जास्त वाकतो आणि खालच्या सळया तिथेच सगळ्यात जास्त कामाला लागलेल्या असतात. बीमला लागून एका कडेला घ्या, बीमला मात्र धक्का नको. फायदा असा की भिंत पांढरी असेल तर उजेड तिच्यावरून खोलीभर पसरतो.

कापण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, हे वगळू नका. तुटलेल्या सळयांवरचा भार कशावर जाणार, कडेला खालून लोखंडी चॅनल लागेल का, हे तोच ठरवेल. स्कॅनरने सळया शोधून घ्या, पंख्याच्या हुकाकडे जाणारे वायरिंगचे पाइपही बघा. भोकाच्या चारही बाजूंनी खालून टेकू द्या. चार कोपऱ्यांना कोअर कटिंगने गोल भोकं पाडून त्यांच्यामध्ये डायमंड ब्लेडने कापायचं, म्हणजे काप कोपऱ्याबाहेर जात नाही. ब्रेकर लावू देऊ नका. त्याच्या हादऱ्याने आसपासच्या काँक्रीटला बारीक चिरा जातात आणि दोन पावसाळ्यांनी त्यातूनच पाणी येतं.

कोबा_ते_कौल
वरचं सगळं मान्य, पण स्कायलाइट (छतातली काचेची खिडकी) गळतो तो काचेतून नाही, भोकाभोवतीच्या कट्ट्याच्या बुडातून. भोकाच्या कडेपासून सहा इंच कोबा फोडून मूळ स्लॅब उघडा करा. तिथे ४ इंच जाडीचा काँक्रीटचा कट्टा उभा करा, स्लॅबमध्ये ८ मिमीच्या सळया केमिकल अँकरने (सळई भोकात चिकटवणाऱ्या रसायनाने) बसवून. विटांचा नको, वीट पाणी पिते. उंची कोब्याच्या वरून ९ इंच हवी. मिस्त्री स्लॅबपासून मोजतो, मग कोबा भरला की कट्टा चार-पाच इंचच उरतो.

कट्ट्याच्या बुडाला दोन-तीन इंचाचा वाटा मारा (कोपरा गोलाईने भरून घ्या), त्यावर फायबर जाळी घालून पॉलिमर कोटिंगचे दोन हात, कट्ट्याच्या माथ्यापर्यंत. काच बसवण्याआधी गच्चीची पन्हाळं बुजवून ४८ तास पाणी कोंडा. खाली ओल नाही दिसली तरच पुढे जा.

काचेला दोन फुटांत चार इंच उतार, पन्हाळाच्या बाजूला. खालच्या कडेला उभी पट्टी लावू नका. तिथे धूळ आणि पानं साचतात, पाणी अडतं आणि उलटं आत शिरतं. काच कट्ट्याच्या बाहेर दोन इंच काढा.

पाथर्डीफाटा_१२
पॉलिकार्बोनेट स्वस्त पडतंय आणि फुटत नाही म्हणतात. मग काचच का? आणि उत्तरेकडे उतार दिला तर ऊन कमी येईल ना?

उन्हाचा_हिशोब
उताराच्या दिशेने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. नाशिक २० अक्षांशावर, मेच्या तिसऱ्या आठवड्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो. दहा अंशांचा उतार त्याला काय अडवणार? उतार पाण्यासाठी द्या.

उष्णतेचा हिशोब असा: २ बाय ३ फूट म्हणजे सुमारे ०.५६ चौरस मीटर. साध्या पारदर्शक काचेतून भर उन्हात जवळपास ४५० वॅट उष्णता आत येते. आतून पडदा लावून उपयोग नाही, तोवर ऊन घरात आलेलं असतं. काचेच्या वर सहा इंचांवर लोखंडी चौकट करून ५० टक्क्यांचं (निम्मं ऊन अडवणारं) पांढरं शेडनेट मार्च ते मे बांधा. द्राक्षांचा जिल्हा आहे, शेडनेटला तोटा नाही. जूनमध्ये काढून टाका.

काच ६+६ मिमी टफन लॅमिनेटेड, म्हणजे दोन कडक केलेल्या काचा मध्ये थर घालून चिकटवलेल्या, मधला थर दुधी. नुसती टफन नको, फुटली तर सगळे तुकडे खाली पडतात. लॅमिनेटेड फुटली तरी जागेवर धरून राहते आणि अवकाळीच्या गारांसाठी तीच बरी. काचेखाली १२ मिमी सळईची, चार इंच अंतराची जाळी हवीच.

पॉलिकार्बोनेट वाईट नाही, बसवणारे वाईट बसवतात. दोन मीटर पत्रा ४० अंशांच्या फरकात पाच मिमी लांबतो. स्क्रूचं भोक स्क्रूएवढंच ठेवलं की तिथून तडकतो. यूव्ही थराची बाजू वर नसेल तर लवकर पिवळा पडतो. सीलंट न्यूट्रल सिलिकॉनच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते लॅमिनेशनची कड आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही खराब करतं.

जिना_आणि_झरोका
स्लॅब कापायचाच कशाला? जिना मधल्या खोलीला लागून आहे का? असेल तर गच्चीवरच्या हेडरूमच्या (जिन्यावरच्या खोलीच्या) उत्तर भिंतीत ५ बाय २ ची खिडकी काढा, वर दीड फुटाचा छज्जा. जिना आतून पांढरा रंगवा आणि खोलीकडच्या भिंतीचा वरचा भाग उघडून काच बसवा. उभी काच गळायला कारणच कमी.

पाथर्डीफाटा_१२
लागूनच आहे, मध्ये साडेचार इंची भिंत. खोलीत उजेड किती येईल?

जिना_आणि_झरोका
दिवा न लावता वावरता येईल, वाचायला पुरणार नाही. तेवढं हवं असेल तर २ बाय ३ च्या भोकाला पर्याय नाही. आधी भिंतीच्या डोक्यावर बीम आहे का बघा. बीम स्लॅबच्या खाली १२-१५ इंच उतरत असेल तर उघडी जागा तिथून खालीच सुरू होते आणि उजेड छतावर न पडता जमिनीवर पडतो. टेप घेऊन मोजा आणि आकडा इथे टाका.