घाटात ईजीटी १४०० च्या वर जातंय : २००६ रॅम, ५.९ कमिन्स, मागे फिफ्थ-व्हील

लेकवुडचा_सांगलीकर

नमस्कार मंडळी. इथे डिझेल पिकअपवाले किती आहेत ठाऊक नाही, तरी विचारून बघतो.

गाडी डॉज रॅम २५००, २००६ चं मॉडेल, ५.९ लिटर कमिन्स, सहा गिअरची मॅन्युअल, फोर बाय फोर, ॲक्सलचा गिअर-रेशो ३.७३. गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाला हौस दांडगी, त्यामुळे ३५ इंची टायर, ट्यूनर (ताकदीसाठी इंजिनाला जास्त डिझेल देणारा डबा), बूस्ट गेज (टर्बो इंजिनात किती दाबाने हवा कोंबतो ते दाखवणारं) आणि पायरोमीटर (ईजीटी, म्हणजे एक्झॉस्ट वायूचं तापमान मोजणारा) हे सगळं आयतं मिळालं. मागे फिफ्थ-व्हील कॅम्पर (पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचा राहता ट्रेलर) असतो. ट्रकस्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी, कॅम्पर, पाणी, पोरंबाळं धरून १८,००० पाउंड भरले.

सपाटीला ईजीटी ८००-९०० फॅरनहाइट, काही तक्रार नाही. पण मोआबहून परत येताना कोलोरॅडोत आय-७० हायवेवर सिल्व्हरथॉर्न सोडलं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जो आठेक मैलांचा चढ आहे, तिथे घाम फुटतो. पाचवा गिअर, वेगाचा काटा ५० मैलांवर, आरपीएम २०५०, बूस्ट १८, आणि ईजीटी १४२०! पाय थोडा उचलला की १३०० वर येतं, पण मग गाडी मरगळते. पाण्याचं तापमान व्यवस्थित आहे. शेजारून बायको सांगत होती की फोन ५५ चा वेग दाखवतोय, काट्यात काहीतरी गडबड आहे. ते असो.

प्रश्न एवढाच, की आधी काय बदलू? मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) की वॉटर-मेथेनॉल किट (त्या हवेत पाणी-मेथेनॉलचा फवारा सोडणारं)? खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत.

ह्यूस्टनची_घोडेवाली

माझी गाडी २०१९ ची आहे, मागे तीन घोड्यांचा ट्रेलर. आमच्याकडे चढ म्हणजे फ्लायओव्हर, त्यामुळे अनुभव शून्य. पण तबेल्यावरच्या एकाने डीपीएफ-ईजीआर (एक्झॉस्टमधली काजळी आणि प्रदूषण कमी करणारी यंत्रणा) सगळं डिलीट करून, म्हणजे काढून घेतलं, आणि तापमान चांगलंच उतरलं म्हणतो. तसं काही करता येईल का बघा.

बारा_तेराचा_पाना

सांगलीकर, खिशातला हात आधी बाहेर काढा. अजून काहीही विकत घ्यायचं नाही.

मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या पोट भरतो ते इथल्या एका ट्रक वर्कशॉपमध्ये. दर उन्हाळ्यात असे कॅम्परवाले येतात, आणि यादी ठरलेली असते : टर्बो, इंटरकूलर, किट. गिअर कुठला होता हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तुम्ही न विचारता सांगितलंत, म्हणून एवढं लांबण लावतोय.

पहिला प्रश्न : पायरोमीटरचा प्रोब कुठे बसवलाय? टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाला लागूनच्या एक्झॉस्ट नळीत), की टर्बोच्या पुढच्या पाइपात? टर्बोमधून जाताना वायू आपली उष्णता चाक फिरवायला देतो, त्यामुळे लोड असताना पुढचा आकडा २००-३०० अंशांनी कमी दिसतो. तुमचे १४२० जर टर्बोनंतरचे असतील, तर उद्यापासून कॅम्पर अंगणातच राहू दे. आधीचे असतील तर बोलू. या इंजिनांसाठी मी टर्बोच्या आधी १२५० ही सलग ओढायची मर्यादा धरतो, १३०० पर्यंत घटकाभर. ॲल्युमिनियम १२२० ला वितळतं. पिस्टन तरी टिकतो तो खालून तेलाचा फवारा मिळतो आणि दर फेरीला वरून ताजी हवा मिळते म्हणून. एखाद मिनिट १४०० गेलं तर लगेच काही होत नाही. सलग आठ मैल मात्र फार झाले.

आता हे तापतं कशाने. पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडलं की ते तापतं, डिझेलचं नेमकं उलटं आहे. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त झालं की ईजीटी चढतं. म्हणजे उपाय दोनच : डिझेल कमी टाका, नाहीतर हवा वाढवा. तुमच्या यादीतल्या तिन्ही वस्तू याच दोन कामांसाठी विकल्या जातात, पण ती फुकटातही होतात.

डिझेल किती लागतं त्याचा हिशोब करा. चढ जिथे ७ टक्के आहे तिथे १८,००० चे ७ टक्के, म्हणजे १,२६० पाउंड तुम्हाला मागे खेचतायत. त्याला ताशी मैलांनी गुणा, ३७५ ने भागा, हॉर्सपॉवर मिळते. ५५ ला १८५, ५० ला १६८. ही नुसती चढ चढायची. कॅम्परची ती भिंत वाऱ्यातून ढकलायची ताकद वेगळी, आणि ती वेगाच्या घनाने वाढते. ५५ वरून ५० ला आलात तर ती पाऊणच लागते. तुमचं इंजिन नवं असताना ३२५ हॉर्सपॉवरचं होतं, आणि बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरतो. उरलेली हवा टर्बोने कुठून आणायची?

मी ५५ म्हणतोय, ५० नाही, हे लक्षात आलं का? वहिनी बरोबर होत्या. त्या गाडीला कंपनीतून साधारण साडेएकतीस इंची टायर येतात. ३५ चे टाकले की चाकाच्या एका फेरीत गाडी दहा टक्के जास्त पळते, काट्याला मात्र ते कळत नाही. म्हणून काटा ५०, फोन ५५. आणि हे फक्त काट्यापुरतं नाही. तुमचा ३.७३ चा ॲक्सल आता ३.३७ सारखा वागतोय. दहा टक्के उंच गिअर घेऊन तुम्ही राज्यातला सगळ्यात नावाजलेला चढ चढताय, तेही पाचव्यात, म्हणजे एकास एक, गिअरबॉक्सकडून काहीच जोर वाढत नाही.

तर पुढच्या वेळी चढ सुरू व्हायच्या आधीच चौथा टाका. इंजिन दबल्यावर नाही, आधी. काटा ४५ वर ठेवा, म्हणजे खरा वेग ५०. आरपीएम साडेपंचवीसशेच्या आसपास बसेल. ताकद कमी लागतेय आणि इंजिन मिनिटाला पाचशे फेऱ्या जास्त मारतंय, म्हणजे हवा जास्त गिळतंय आणि टर्बोही जोरात फिरतोय. दर फेरीला पडणारं डिझेल घटतं. नुसत्या याने दीडशे-दोनशे अंश उतरताना मी पाहिलेत. आवाज वाढेल, पोरं कुरकुरतील. या इंजिनाची पूर्ण ताकद २९०० ला मिळते, २५५० ला त्याला काही होत नाही. २००० ला दाबून धरणं त्याला जास्त जड जातं. उजव्या लेनला धोक्याचे दिवे लावून चालणारे ट्रक दिसतात ना, त्यांच्या मागे निवांत लागा.

ट्यूनर सगळ्यात खालच्या सेटिंगला आणा. वरच्या सेटिंगला तो हवेचा विचार न करता डिझेल ओततो. रिकाम्या गाडीला मजा येते, कॅम्पर लावला की तीच मजा पिस्टनवर निघते.

आणि तुमचा बूस्ट. ट्यूनर लावलेली गाडी, एवढा लोड, आणि १८? मला कमी वाटतोय. ईजीटी जास्त आणि बूस्ट कमी अशी जोडी दिसली की मी आधी गळती शोधतो. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी बूट काढून हाताने पिळून बघा. क्लॅम्पजवळ तेलकट काळा थर दिसला तर हवा तिथूनच जातेय. पक्कं करायचं तर टर्बोच्या तोंडाला टोपण लावून कॉम्प्रेसरने १५-२० पीएसआय हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा, सायकलचं पंक्चर काढतात तसं. त्याच वेळी मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला काजळी आहे का बघा. टर्बोच्या आधीच एक्झॉस्ट गळत असेल तर टर्बोला फिरायला जोर कुठून मिळणार? एअर फिल्टर बदला. इंटरकूलरच्या पुढच्या बाजूला किडे आणि कापूस अडकलेला असतो, तो पाण्याने हलक्या हाताने धुवा.

घोडेवाल्या ताई, डिलीटचं मनातही आणू नका. फेडरल क्लीन एअर ॲक्टखाली ते बेकायदा आहे, आणि इकडे डेन्व्हर भागात डिझेल गाड्यांची धूरतपासणीही होते. शिवाय सांगलीकरांच्या २००६ च्या गाडीला डीपीएफ नाहीच, काढणार काय? तुमच्या २०१९ ला तर ईजीटी सेन्सर कंपनीचेच आहेत. आकडा बघायचा असेल तर ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) साधं गेज लावलं तरी पुरे. मधेच सपाटीला आकडा चढलेला दिसला तर घाबरू नका, डीपीएफ स्वतःला जाळून साफ करत असतो.

लेकवुडचा_सांगलीकर

दादा, एवढं कुणी दुकानात सांगत नाही. प्रोब मॅनिफोल्डमध्येच आहे, टर्बोच्या आधी, आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. पण एक शंका आहे. गिअर खाली टाकून जास्त फेऱ्या म्हणजे जास्त डिझेल जळणार ना? मायलेजचं काय?

बारा_तेराचा_पाना

चढावर मायलेज बघूच नका, ते काय असेल ते असेल. तेवढं वजन तेवढ्या वेगाने वर न्यायला जी ताकद लागते ती गिअर बघून कमी-जास्त होत नाही. जास्त फेऱ्यांमुळे घर्षणात थोडं जाईल, पण वेग कमी केलात त्यात ते भरून निघतं.

खंबाटकी

मी सातारकडचा, दोन दहाचाकी आहेत. आमच्याकडे पायरोमीटर-बिरोमीटर काही नाही, ड्रायव्हरचा कान हाच मीटर. पण पानाभाऊ म्हणतात ते खरं आहे. घाट लागायच्या आधी गिअर पाडायचा, मधे अडकलं की गाडी गेली. आणि ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर बसायचं नाही. तिकडे उतार कसा आहे?

दुसरं, वर आल्यावर चहाला थांबलात तर लगेच चावी फिरवू नका. आमच्या जुन्या ड्रायव्हरने एक टर्बो असाच घालवला. बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा झाला होता.

बारा_तेराचा_पाना

खंबाटकी, लाख बोललात. सांगलीकर, गेज आहे तर अंदाज कशाला? आयडलला ठेवा, आकडा ४०० च्या खाली आला की बंद करा. बोगद्यानंतर तसाही पूर्वेकडे लांब उतार आहे, त्यात एक्झॉस्ट आपोआप थंड होतो. तिथे चौथाच असू द्या, एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून इंजिनाकडूनच वेग रोखणारा) असेल तर चालू ठेवा, आणि कॅम्परचे इलेक्ट्रिक ब्रेक पकडतायत का ते निघण्याआधी अंगणातच तपासा.

लेकवुडचा_सांगलीकर

मंडळी, अपडेट. साबणाच्या पाण्याने काम केलं. टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या बुटाला क्लॅम्पच्या कडेला चीर होती, बुडबुडेच बुडबुडे. बूट आणि क्लॅम्प दोन्ही नवे टाकले. फिल्टर बदलला, इंटरकूलर धुतला. ट्यूनर खालच्या सेटिंगला.

शनिवारी कॅम्पर घेऊन डिलनला गेलो होतो, येताना तोच चढ. सिल्व्हरथॉर्नलाच चौथा टाकला, काटा ४५, आरपीएम २५५०. ईजीटी १२२० ते १२४०, बूस्ट २४. शेवटच्या मैलभरात एकदा १२६० दिसलं, पाय जरा उचलला तर उतरलं. वॉटर-मेथेनॉलचं पान बंद केलंय.

आता टायरचं सांगा. दिसायला झकास आहेत हो. त्यांच्यासाठी ॲक्सलचे गिअर ४.१० चे करून घेतले तर?

ह्यूस्टनची_घोडेवाली

ओबीडी गेज मागवलं. सपाटीलाच ७०० दाखवतंय, उगाच आनंद झाला.

बारा_तेराचा_पाना

ताई, घोडे आत असताना बघा आणि मग सांगा.

सांगलीकर, १२४० ला मी कॅम्पर ओढेन आणि शांत झोपेन. ४.१० चा हिशोब बरोबर आहे, ३५ इंची टायरवर ४.१० टाकले की गाडी जवळजवळ मूळ ३.७३ सारखी ओढेल. पण फोर बाय फोर आहे, म्हणजे पुढचा आणि मागचा असे दोन्ही ॲक्सल उघडायचे, दोन सेट, दुप्पट मजुरी. त्यापेक्षा मूळ मापाचे ई लोड रेंजचे, म्हणजे जास्त वजन पेलणारे टायर घ्या आणि हे ३५ वाले विका, इकडे त्यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. काटा आपोआप खरा होईल. शिवाय गाडीची मागची बाजू पावणेदोन इंच खाली येईल. आत्ता तुमच्या कॅम्परचं नाक वर असणार आणि वजन त्याच्या मागच्या ॲक्सलवर जास्त पडत असणार. सपाट जागी उभा करून बाजूने फोटो काढा आणि इथे टाका. हिचची, म्हणजे कॅम्परच्या जोडणीची उंची किती ठेवायची ते फोटो बघून सांगतो.