मदत हवी आहे: लीजवर दिलेलं मशीन, आता म्हणतात हे भाडं नाही, कर्ज आहे

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. भोसरीत वडिलांचं छोटं वर्कशॉप आहे, त्यांनी एका कंपनीला व्हीएमसी मशीन (धातूचे पार्ट कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) 5 वर्षांच्या लीजवर दिलं होतं, ती कंपनी आता दिवाळखोरीसाठी एनसीएलटीत (कंपनी न्यायाधिकरणात) गेलीय आणि आयआरपीच्या (न्यायाधिकरणाने कंपनीवर नेमलेल्या प्रोफेशनलच्या) ऑफिसातून सांगतायत की ही लीज नाहीच, मशीनच्या तारणावर दिलेलं कर्ज आहे, आणि आरओसीकडे (कंपनी रजिस्ट्रारकडे) चार्ज, म्हणजे तारणाचा हक्क, नोंदलेला नाही म्हणजे तुम्ही अनसिक्युअर्ड, विनातारण देणेकरी. अहो पण मशीनचं बिल वडिलांच्या नावावर, घसारा आम्ही घेतो, दर महिन्याला भाड्याचं जीएसटी बिल जातं, आपल्याच वस्तूवर चार्ज कोण नोंदवतं?

त्यांचं बोट ॲग्रीमेंटवर आहे. मधेच सोडता येत नाही, सोडलं तर उरलेलं सगळं भाडं भरायचं, इन्शुरन्स मेंटेनन्स कंपनीकडे आणि शेवटी 1,000 रुपये दिले की मशीन कंपनीचं. वडिलांची झोप उडालीय. आमच्या येण्याचा क्लेम फॉर्म बी मध्ये (माल-सेवेची थकबाकी) भरू का सी मध्ये (कर्ज)? आणि मशीन उचलून आणता येईल का?

प्रतिसाद:
दादा, मशीन आणायला आत्ता जाऊ नका, मोरॅटोरियम (वसुलीवरची स्थगिती) आहे तोवर दिवाळखोरी कायद्याच्या कलम 14 मुळे मालकालाही ते परत घेता येत नाही. पण ते कंपनी वापरत असेल तर या काळातलं भाडं सीआयआरपी (दिवाळखोरी प्रक्रियेच्या) खर्चात मागा, ते लेखी मागा.

मुख्य गोष्ट अशी की कोर्ट ॲग्रीमेंटचं नाव बघत नाही, व्यवहार बघतं. सुंदरम फायनान्सच्या 1966 च्या केसमध्ये कागद हायर पर्चेसचे (हप्त्याने भाडं भरून शेवटी मालकी) होते तरी सुप्रीम कोर्टाने ते गाडीच्या तारणावरचं कर्जच धरलं. तुमची 1,000 रुपयांची अट सगळ्यात जड जाणार, कारण असं मशीन 5 वर्षांनीही लाखांत विकलं जातं, म्हणजे ते परत येईल ही अपेक्षा कोणाचीच नव्हती असं आयआरपी म्हणणार. उलट नोएडा प्राधिकरणाच्या 2022 च्या निकालात 90 वर्षांची लीज असूनही कोर्टाने ती फायनान्स लीज (नावाला भाडं, प्रत्यक्षात कर्जासारखी) मानली नाही, मालकीची जोखीम आणि फायदा मूळ मालकाकडेच बऱ्यापैकी राहिला होता.

फायनान्स लीज ठरली तर तुम्ही फायनान्शियल क्रेडिटर (कर्ज देणारे), फॉर्म सी, आणि अनसिक्युअर्ड असलात तरी कंपनीचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या देणेकऱ्यांच्या कमिटीत मत मिळतं. साधी लीज असेल तर मशीन तुमचंच, थकबाकीसाठी फॉर्म बी, पण मत नाही. दोन्ही एकदम मागता येणार नाही, त्यामुळे वडिलांना मशीन जास्त गरजेचं आहे का पैसे ते आधी ठरवा आणि जाहीर नोटिशीतली क्लेमची तारीख अजिबात चुकवू नका.

धागाकर्ता:
खूप आभार. वडिलांना मशीनच हवंय. ॲग्रीमेंटमध्ये 1,000 रुपये भरेपर्यंत मालकी आमची असं स्पष्ट लिहिलंय, त्याचा काही उपयोग होईल का? पुण्यात एनसीएलटीची कामं करणारे कोणी वकील माहीत असतील तर प्लीज व्यनि करा.